स्पायकर: तारांच्या चाकावर प्रोपेलर आला कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे जावई आइंडहोव्हनला नोकरीला आहेत. त्यांनी ॲमस्टरडॅमच्या जुन्या बाजारातून एक गोल धातूचा बिल्ला आणला. त्यावर तारांचं चाक आहे, चाकावर आडवा प्रोपेलर आहे आणि एक लॅटिन ओळ आहे. विकणाऱ्याने सांगितलं की १९०७ च्या पेकिंग–पॅरिस शर्यतीत जी डच स्पायकर गाडी धावली, त्याच मॉडेलचा हा बिल्ला. हे खरं मानायचं का? आणि ही कंपनी विमानांची की मोटारींची?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देता येतं: नाही. प्रोपेलर असलेला बिल्ला १९०७ च्या गाडीवर असूच शकत नाही. तो स्पायकरच्या चिन्हात आला १९१४-१५ च्या सुमाराला, म्हणजे शर्यतीनंतर सात-आठ वर्षांनी. १९०७ मध्ये या कंपनीचा विमानांशी काहीच संबंध नव्हता. आता तुमचा बिल्ला १९१५ ते १९२६ मधला, की अलीकडचा, एवढंच ठरवायचं उरतं. त्यासाठी काय पाहायचं ते शेवटी लिहितो. दुसरं उत्तर मात्र लांबणार आहे, कारण चिन्ह कधी बदललं आणि का बदललं हे कंपनीच्या घडामोडी माहीत असल्याशिवाय कळत नाही.

याकोबस आणि हेंड्रिक-यान स्पायकर हे दोघे भाऊ मूळचे घोडागाड्या बांधणारे. १८८० मध्ये हिल्वरसमला धंदा सुरू केला, पुढे ॲमस्टरडॅमला आले. त्यांच्या हाताला मान होता. १८९८ मध्ये राणी विल्हेल्मिना गादीवर बसली, तेव्हा ॲमस्टरडॅमकरांनी तिला भेट दिलेली सोनेरी बग्गी यांच्याच कारखान्यात बनली. जावाच्या सागाची बांधणी, वर सोन्याचा वर्ख. तिच्या एका बाजूच्या चित्रात वसाहतींतले लोक नेदरलँड्सपुढे नजराणे घेऊन उभे आहेत आणि त्यावरून आज तिथे मोठा वाद आहे. जानेवारी २०२२ मध्ये राजाने जाहीर केलं की ही बग्गी तूर्त मिरवणुकीत वापरायची नाही. म्हणजे या भावांनी बांधलेली सगळ्यात नावाजलेली वस्तू मोटार नव्हेच.

मोटारीकडे ते बेन्झच्या वाटेने वळले. आधी जर्मन बेन्झची इंजिनं आणून त्यावर आपली बॉडी चढवायची, मग १९०० पासून स्वतःची यंत्रं. शहराच्या कडेला ट्रॉम्पेनबुर्ख नावाच्या जागी कारखाना उभा केला. परदेशात विकायचं म्हणून नावाच्या स्पेलिंगमधली डच ‘आयजे’ ही जोडी काढून ‘वाय’ घातला. ही बाब बिल्ला पारखताना उपयोगी पडते, कारण गाड्यांवर वायचंच स्पेलिंग असायचं. गिऱ्हाईक मुख्यतः बाहेरचं होतं: इंग्लंड आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया. हॉलंडची स्वतःची बाजारपेठ एवढीशी. ही अडचण कंपनीला जन्मभर पुरली.

१९०३ ची ६० अश्वशक्तीची गाडी म्हणजे यांचं सगळ्यात धाडसी काम. सहा सिलिंडर आणि चारही चाकांना कायम जोर. पेट्रोलवर चालणारी कायमस्वरूपी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी याआधी कुणी केली नव्हती. आराखडा बेल्जियन इंजिनिअर जोसेफ-व्हॅलंटिन लाव्हिओलेत याचा. गाडी पॅरिस–माद्रिद शर्यतीसाठी म्हणून घेतली होती, पण शर्यत मे महिन्यात होऊन गेली आणि गाडी तयार झाली डिसेंबरात, पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळी. आज ती हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे. जावयांना जमलं तर त्यांनी पाहून यावी. पुढच्या आसाकडे जाणारा शाफ्ट, मधला डिफरन्शियल (वळताना चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी), सगळं उघडं दिसतं. आजच्या एसयूव्हीचा मेकॅनिक तिच्याखाली घुसला तर त्याला कुठला भाग कशासाठी आहे हे सांगावं लागणार नाही.

इथे जरा हात आखडता घ्यायला हवा. ‘जगातली पहिली सहा सिलिंडरची गाडी’ हा मान स्पायकरचे भक्त बिनदिक्कत घेतात. इंग्लंडच्या नेपियरने त्याच सुमाराला सहा सिलिंडरची गाडी जाहीर केली आणि खरोखर गिऱ्हाइकांना विकली. स्पायकरची होती ती एक गाडी, नेपियरचा होता धंदा. माझ्या मते फोर-व्हील ड्राइव्हचं श्रेय स्पायकरला बिनशर्त द्यावं आणि सहा सिलिंडरचं वाटून घ्यावं. नेपियर खपवणाऱ्या माणसाचं नाव सेल्विन एज. ते लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रोजच्या विक्रीच्या गाड्या साध्या चार सिलिंडरच्या होत्या, पण त्यांची दोन वैशिष्ट्यं होती. एक, खालून पूर्ण झाकलेली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा. त्या काळी रस्ते मातीचे, गाडी गेली की मागे धुळीचा लोट उठायचा, आणि मोटारवाल्यांना शिव्या पडायच्या त्या मुख्यतः या धुळीपायी. स्पायकरने इंजिनापासून मागपर्यंत खाली सपाट पत्रा दिला, म्हणजे धूळ कमी उडे आणि यंत्रातही कमी जाई. याच ‘धूळमुक्त’ गाडीच्या जोरावर इंग्लंडमध्ये नाव झालं. दुसरं वैशिष्ट्य गोल रेडिएटर. १९०५ नंतरच्या काही वर्षांतली स्पायकर लांबून ओळखायची ती यावरून. त्या गाडीला वेगळ्या चिन्हाची गरजच नव्हती, रेडिएटरचा गोल चेहरा हेच तिचं चिन्ह. म्हणून एखाद्या गोल रेडिएटरवाल्या गाडीच्या फोटोत चाक-प्रोपेलरचा बिल्ला दिसला, तर तो नंतर कुणी हौसेने लावलेला समजावा. असे फोटो बरेच फिरतात.

आता १९०७. वर्षाची सुरुवातच वाईट झाली. २१ फेब्रुवारीच्या पहाटे इंग्लंडहून येणारं ‘बर्लिन’ नावाचं जहाज वादळात हुक ऑफ हॉलंडच्या धक्क्यावर आपटून फुटलं. शंभरावर माणसं बुडाली. त्यांत हेंड्रिक-यान होता. कंपनीचा अर्धा आधार गेला.

आणि चार महिनेही झाले नाहीत तोवर पेकिंग–पॅरिस. पॅरिसच्या ‘ल मातँ’ वृत्तपत्राने आव्हान दिलं होतं की पेकिंगहून पॅरिसला मोटारीने येऊन दाखवा. १० जूनला पाच गाड्या सुटल्या: इटालियन राजपुत्र बोर्गेसेची इटाला, फ्रान्सच्या दोन दे दियों, कोंताल नावाची एक तीनचाकी आणि स्पायकर. स्पायकर चालवायला होता शार्ल गोदार. हा जत्रेत मोटरसायकलवरच्या कसरती करणारा गडी. खिशात दमडी नाही, मोटारीचा अनुभव बेताचा, पण जीभ अशी की याकोबस स्पायकरने त्याला गाडी दिली. सुटे भाग आणि टायरही दिले. गोदारने त्यांतले बरेचसे विकून चीनच्या जहाजाचं भाडं भागवलं. परतीचं पेट्रोल, जेवण, मुक्काम, सगळं उधारीवर किंवा थापांवर.

माझा व्यवसाय जुन्या गाड्या उघडून पुन्हा उभ्या करण्याचा असल्यामुळे या प्रवासात मला गोदारपेक्षा गाडीचं जास्त कौतुक वाटतं. १४/१८ अश्वशक्तीची साधी चार सिलिंडरची गाडी, बोर्गेसेच्या इटालाच्या निम्म्या ताकदीचीही नाही. गोबीच्या वाळवंटात पेट्रोल संपलं. दे दियोंवाले पुढे निघून गेले आणि गोदार व त्याच्याबरोबरचा पत्रकार जाँ द्यू तायी पाण्यावाचून तडफडत पडले. वाचले ते मागून पेट्रोल पोहोचलं म्हणून. तीनचाकी कोंताल तर त्याच वाळवंटात राहिली. पुढे सायबेरियात मॅग्नेटो गेला. मॅग्नेटो म्हणजे ठिणगी पाडणारं छोटं जनित्र. तो गेला की इंजिन म्हणजे नुसतं लोखंड, आणि आतली तार पुन्हा गुंडाळणं हे रस्त्याकडेला बसून करायचं काम नाही. गाडी रेल्वेने तोम्स्कला नेली, तिथल्या तंत्रविद्यालयात मॅग्नेटो दुरुस्त करून घेतला आणि गोदारने गाडी पुन्हा जिथून उचलली होती तिथे नेऊन प्रवास पुढे चालू केला. थापाड्या माणूस, पण मधला टप्पा त्याने चोरला नाही. मग रात्रंदिवस गाडी हाणून त्याने दे दियोंना गाठलं.

शेवट त्याच्या वाट्याला आला नाही. खोटं सांगून पैसे उकळल्याच्या आरोपावरून पॅरिस गाठण्याआधीच त्याला अटक झाली. बोर्गेसे १० ऑगस्टलाच पोहोचला होता. स्पायकर ३० ऑगस्टला दे दियोंबरोबर पॅरिसमध्ये शिरली, तेव्हा चाकामागे गोदार नव्हता. तरी गाडी पोहोचली, आणि स्पायकरच्या जाहिरातींना एवढं पुरलं.

कंपनीला मात्र नाही पुरलं. एक भाऊ गेलेला, पैसा आटलेला. लवकरच दिवाळं निघालं आणि याकोबस बाहेर पडला. नवे भांडवलदार आले, कारखाना पुन्हा सुरू झाला, नाव तेच राहिलं, पण त्यानंतरच्या कुठल्याही स्पायकरमागे स्पायकर आडनावाचा माणूस नव्हता. लाव्हिओलेतने १९०९ च्या सुमाराला कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारे दांडे, इंजिनात लांबीला न ठेवता आडवे टाकून वर्म गिअरने, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरने, फिरवण्याची रचना केली. कल्पक होती आणि खर्चिकही. अशा इंजिनाचं काम करायचं म्हणजे त्या आडव्या शाफ्टचं टायमिंग आणि वर्मची झीज पाहण्यातच निम्मा वेळ जाणार. गाड्या चांगल्या होत्या, पण ताळेबंद जुळेना.

मग पहिलं महायुद्ध आलं. नेदरलँड्स तटस्थ होता आणि तटस्थतेची अडचण अशी की लढणारा कुठलाच देश तुम्हाला विमानं विकत नाही. सैन्याला आपल्या आकाशावर नजर ठेवायची तर विमानं देशातच बनवणं भाग. स्पायकरकडे कारखाना होता, इंजिनाचं ज्ञान होतं आणि कामाची नड होती. डच विमान कारखान्याशी तिचं एकत्रीकरण झालं आणि सूत्रं आली हेन्री वेइनमालेनच्या हाती. हा स्वतः वैमानिक, १९१० मध्ये उंचीचा जागतिक विक्रम करणारा. युद्धकाळात इथे साधारण शंभर विमानं आणि दोनशेच्या आसपास विमानाची इंजिनं बनली. यांतलं नाव घेण्याजोगं विमान म्हणजे व्ही-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान. लढाऊ व्ही-३ तयार होईपर्यंत युद्धच संपलं.

याच काळात चिन्ह बदललं. तारांचं चाक हे मोटारीचं, त्यावर आडवा प्रोपेलर हे विमानाचं. सोबत लॅटिन ब्रीद: ‘नुल्ला तेनाची इन्विया एस्त व्हिया’. अर्थ असा की चिवटपणे धरून बसणाऱ्याला कुठलीच वाट बंद नसते. ही ओळ वाचून लोकांना गोदारचं गोबी आठवतं आणि ती त्या शर्यतीवरून घेतली असा समज पसरतो. तुमच्या विक्रेत्याचाही घोळ बहुधा इथेच झाला असावा. ओळ शर्यतीनंतर सात-आठ वर्षांनी, नव्या मालकांच्या काळात आली. चिन्हाचा अर्धा भाग तर युद्धाने लादलेल्या कामाचा आहे. बग्गी बांधणाऱ्या भावांनी हे चिन्ह आपल्या गाडीवर कधीच लावलं नाही.

बीएमडब्ल्यूचं चिन्ह म्हणजे फिरता प्रोपेलर, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरं नाही. तिथले निळे-पांढरे तुकडे बव्हेरियाच्या रंगांचे आहेत. चिन्ह १९१७ चं, आणि प्रोपेलरची कहाणी त्याला चिकटली ती १९२९ च्या एका जाहिरातीमुळे. स्पायकरचा प्रोपेलर मात्र अस्सल. चिन्हात जे आहे ते कारखान्यात खरोखर बनत होतं. दंतकथा बीएमडब्ल्यूच्या वाट्याला आली आणि खरी गोष्ट विस्मरणात गेली, कारण बीएमडब्ल्यू टिकली.

युद्धानंतर विमानांचं काम एकाएकी थांबलं आणि कंपनी मोटारींकडे परतली. १९१९ च्या सुमाराची सी-१ ‘एरोकॉक’ पाहिली तर विमानाची हौस फिटली नव्हती हे दिसतं. तिची बॉडी विमानाच्या धडासारखी निमुळती, मागे शेपटीला उभं पातं. दिमाखदार, पण गिऱ्हाइकाला बसायला घेण्यासारखी नाही. खरी दमदार गाडी सी-४: मायबाख या जर्मन इंजिनवाल्या कंपनीचं ५.७ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, दुहेरी इग्निशन, म्हणजे ठिणगी पाडायच्या दोन व्यवस्था. युद्धानंतर जर्मनीवर लादलेल्या व्हर्साय तहामुळे विमानांची इंजिनं बंद झालेल्या मायबाखला गिऱ्हाईक हवं होतं आणि या इंजिनाला नाव घेण्याजोगं गिऱ्हाईक मिळालं ते हेच. स्पायकरला ठरल्याएवढी इंजिनं उचलता येईनात, तेव्हा मायबाखने स्वतःच आलिशान मोटारी बनवायला घेतल्या. आज मायबाख हे नाव मर्सिडीजच्या सगळ्यात आलिशान गाड्यांवर असतं.

विक्रमही झाले. १९२०-२१ च्या हिवाळ्यात स्पायकरने ३६ दिवसांत ३०,००० किलोमीटर पळून दाखवले. १९२२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर सी-४ घेऊन उतरला तो सेल्विन एज, तोच नेपियरवाला. १९०७ मध्ये त्याने त्याच ट्रॅकवर नेपियर सलग २४ तास चालवून ताशी १०६ किलोमीटरची सरासरी गाठली होती. त्या आवाजाने शेजारपाजारचे लोक एवढे वैतागले की रात्री गाड्या पळवण्यावर बंदी आली. म्हणून १९२२ मध्ये दोन दिवस, रोज बारा-बारा तास. स्पायकरची सरासरी ताशी ११९ किलोमीटरच्या वर गेली. पंधरा वर्षं जुना आपलाच विक्रम त्याने एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याच्या गाडीने मोडला.

हे होईपर्यंत इकडे दुसरं दिवाळं वाजलं होतं. कंपनी तिच्या ब्रिटिश विक्रेत्याकडे गेली, रखडत चालली आणि १९२६ पर्यंत सगळं आटोपलं. स्वस्त अमेरिकन गाड्या धडाधड येत असताना छोट्या देशातली, हाताने बांधलेली महागडी गाडी किती विकली जाणार? सी-४ वाईट होती म्हणून कंपनी बुडाली नाही. ती घेणारी माणसं मोजकी होती.

पुढचं आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी नकळत पाहिलं आहे. २००० मध्ये व्हिक्टर म्युलर आणि मार्टेन दे ब्रेन यांनी नाव, चिन्ह आणि लॅटिन ओळ घेऊन नवी स्पायकर उभी केली. सी-८ च्या स्टिअरिंगचे आरेही प्रोपेलरसारखे. जुन्या कंपनीशी हिचा धागा फक्त नावाचा. २००६ मध्ये तिने मिडलंडचा फॉर्म्युला वनचा संघ घेतला, २००७ च्या युरोपियन ग्रांप्रीत मार्कुस विंकेलहॉकच्या स्पायकरने पावसाच्या गोंधळात चक्क काही लॅप आघाडी घेतली, आणि त्याच वर्षी तो संघ विजय मल्ल्याच्या गटाला विकला गेला. तोच पुढचा फोर्स इंडिया. २०१० मध्ये म्युलरने साब ही स्वीडिश मोटार कंपनी घेतली. ती डिसेंबर २०११ मध्ये दिवाळ्यात गेली आणि २०१४ मध्ये स्पायकरवरही तीच वेळ आली.

म्हणून तुमच्या बिल्ल्याबाबत खरी शंका ही आहे: १९१५ ते १९२६, की २००० नंतर? नव्या काळातले शोभेचे आणि नकली बिल्ले भरपूर आहेत. दिवसाच्या उजेडात, भिंग घेऊन बसा.

आधी मुलामा पाहा. मोटारीच्या सजावटीवर क्रोमचा मुलामा सर्रास यायला लागला तो १९२०च्या दशकाच्या अगदी शेवटी. तोवर स्पायकर संपली होती. त्या काळचा मुलामा निकेलचा, आणि निकेलला किंचित पिवळसर झाक असते. पांढऱ्या कागदावर चमचा आणि बिल्ला शेजारी ठेवलेत तर फरक कळतो. बिल्ला निळसर थंड चकाकत असेल तर तो क्रोम, मग पुढे तपासायची फारशी गरज नाही.

रंग भरलेले असतील तर ते मीनाकाम आहे की साधा रेझिन, हे बघा. भट्टीतला खरा मीना म्हणजे काच. त्याला नखाने ओरखडा पडत नाही, दाताला लावला तर टक्क आवाज येतो, कडेला टवका उडालेला असेल तर तो शंखासारख्या वळणाने उडतो. रेझिनचा तुकडा सोलल्यासारखा निघतो आणि त्याचा पृष्ठभाग फुगीर, घुमटासारखा असतो. गरम सुई टोचून बघायचा उद्योग कृपा करून करू नका. रेझिन असेल तर पुरावा मिळेल, पण बिल्ल्याला भोकही पडेल.

मग उलटा करा. ठशाने दाबून काढलेल्या पत्र्यावर समोरच्या नक्षीचा उलटा उठाव मागे दिसतो. मागची बाजू दाणेदार, खडबडीत असेल तर तो बहुधा मूळ बिल्ल्याचा साचा घेऊन ओतलेला असतो. अशा ओतीव नकलेत समोरची अक्षरंही मऊ पडतात. लॅटिन ओळीतल्या बारीक अक्षरांच्या कडा भिंगाखाली पाहा. ठशाची अक्षरं कोरीव, कोपरे टोकदार. मागच्या पट्ट्या किंवा स्क्रू कथलाच्या डाखाने जोडलेले असतील तर ते चांगलं लक्षण. फिलिप्स डोक्याचा, म्हणजे फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल, तर तो १९३० च्या दशकानंतरचा. पण स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, म्हणून एकट्या स्क्रूवरून निकाल देऊ नका.

फोटो पाठवायचे तर समोरून, मागून आणि कडेने असे तीन पाठवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. तोवर ब्रासो, चिंच, टूथपेस्ट यांतलं काहीही लावू नका. निकेलचा पातळ थर घासण्याने उडतो, आणि तो गेला की सांगण्यासारखं निम्मं निघून जातं. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे. विकणाऱ्याने किती पैसे घेतले तेही कळवा. बिल्ला खरा निघाला तर आकडा महत्त्वाचा नाही, आणि नकली असेल तर जावयांना पुढच्या वेळी घासाघीस कशी करायची ते सांगता येईल.